विषय: जूनमध्ये बहीण पोरांना घेऊन येतेय, स्टॉकहोममध्ये काय दाखवू?

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये माझी बहीण नाशिकहून येतेय, सोबत दोन पोरं (धाकटा चार वर्षांचा, मोठी नऊची) आणि आईबाबा. भाऊजींनी आत्ताच एक्सेल पाठवलंय, एका दिवशी सकाळी वासा (जुन्या जहाजाचं म्युझियम), दुपारी स्कान्सेन, संध्याकाळी ग्रोनान पार्कचे पाळणे!! सगळं युरगोर्डन बेटावरच आहे ना, मग होईल की, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला अजून मुलं नाहीत त्यामुळे अंदाजच येत नाहीये. बाबांचे गुडघे पण दुखतात.
— हुस्बीहून

---

अगं, भाऊजींना सांग त्या एक्सेलमधल्या दोन ओळी उडवा. स्कान्सेनलाच अख्खा दिवस लागतो. लोकांना वाटतं झू आहे, तर ते 1891 पासूनचं ओपन एअर म्युझियम आहे, स्वीडनभरातली जुनी घरं सुटी करून आणून टेकडीवर पुन्हा उभी केलीत, आत जुन्या काळचे कपडे घातलेली माणसं असतात, काच फुंकून भांडी करणारे असतात, आणि मग अस्वलं, लांडगे, एल्ग (मोठं हरीण), लिंक्स (रानमांजर) हे सगळं इथल्याच थंडीतलं, वाघसिंह शोधत बसू नका. लिंक्स दिसलाच तर नशीब, बहुतेक वेळा झोपलेला असतो. धाकट्याला लिल-स्कान्सेनला सोडा, छोटे प्राणी आहेत तिथे, तो हलणार नाही.
चढ बराच आहे. बाबांसाठी हाझेलियस गेटच्या बाजूची ती तिरकी रेल्वे चालू आहे का आधी बघून घे, नसेल तर मेन गेटला सरकता जिना आहे. आणि डबा न्या गं, धपाटे, दशम्या, काहीही, बाकांवर बसून खायला कोणी काही म्हणत नाही, इथले लोकपण डबा घेऊनच फिरतात.
— सोलेनतूनावाली ताई

---

ताईंशी सहमत, फक्त वासा शेवटी ढकलू नका. नऊ वर्षांच्या मुलीला तेच सगळ्यात जास्त आवडेल, लिहून देतो. राजाने एवढं मोठं 64 तोफांचं जहाज बांधलं, 1628 साली पहिल्याच फेरीला निघालं आणि दीडेक किलोमीटरही गेलं नसेल तोच वाऱ्याने कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांमधून पाणी शिरलं आणि सगळ्या गावासमोर बुडालं. वरून जड झालं होतं. 1961 ला बाहेर काढलं, आणि आज समोर उभं राहिलं की लाकूड जवळपास सगळं मूळचंच! आमच्या चिरंजीवांनी तिथून घरी येईपर्यंत "पण मग राजाला कोणीच कसं सांगितलं नाही?" हे चालू ठेवलं होतं. मुलांना तिकीट नाही (18 पर्यंत फ्री). आत जहाजासाठी अंधार आणि गारवा ठेवतात, आजीआजोबांना स्वेटर. दोन तास पुरे.
युनिबाकेन, मुलांच्या गोष्टींचं म्युझियम, शेजारीच आहे, धाकट्यासाठी ते. पिप्पीचं (गोष्टीतली मुलगी) घर आहे चढायला-घसरायला आणि गोष्टींची एक ट्रेन, इंग्रजीतही मिळते. शेवटाकडे अंधार आणि ड्रॅगन येतो, घाबरट असेल तर मांडीवर घ्या.
ग्रोनानबद्दल माझं मत विचाराल तर चार वर्षांच्या पोराला उंचीमुळे निम्म्या पाळण्यांत बसू देणार नाहीत, मोठीला एकटीला घेऊन जा संध्याकाळी. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतोच.
— सोलनाचे काका

---

मी थोडी उलटी बोलते. आमच्याकडे पाहुणे आले की पोरांना सगळ्यात जास्त आवडतं ते फुकटातलं. पार्कलेक म्हणजे कॉर्पोरेशनची खेळायची बाग, पण तिथे नेमलेला स्टाफ असतो, सायकली खेळणी वापरायला देतात, काही ठिकाणी उथळ पाण्याचा हौद, पोरं चड्डीवर तासन् तास. पाऊस आला तर सेर्गेल्स टोर्गला कल्चरहाउसमध्ये मुलांची लायब्ररी.
आणि युरगोर्डनला ट्रामने नका जाऊ, स्लुसेनहून फेरी घ्या, एसएलच्या (इथल्या बस-मेट्रोच्या) तिकिटातच होते, सातच्या आतल्याला मोठ्यांबरोबर तिकीट नाही. आईबाबांची बोटराइड पण झाली. मेट्रोची भुयारी स्टेशनं पण दाखवा, सोलना सेंत्रुमचं लालभडक छत बघून मोठी खूश होईल.
तारीख काय गं? मिडसमर (इथला उन्हाळ्याचा सण) 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी येतो. स्कान्सेनला खांबाभोवती नाच, बेडूकउड्या, सगळं असतं पण गर्दी भयंकर आणि दुकानं लवकर बंद, दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेव.
— शिस्ताहून

---

सगळ्यांना खूप थँक्यू! 17 ला उतरतायत, म्हणजे मिडसमर सापडतोय. भाऊजींना तुमची मेल्स तशीच्या तशी फॉरवर्ड केली, त्यांनी ग्रोनान ठेवलंय पण बाकी दिवसाला एकच ठिकाण. आता प्रश्न रेनकोटचा, बहीण छत्र्या आणतेय म्हणाली 😅 कोणाकडे चार आणि नऊच्या मापाच्या रेनपँट आहेत का?

---

चारची आहे, नऊची नाही. गमबूट पण देते. शनिवारी ये, फोन करून ये, आम्ही सकाळी स्विमिंगला असतो.
— ताई