चकलीला दुप्पट भाव पुरत नाही

दिवाळीचा फराळ घरी करून विकणाऱ्यांना 'सामानाच्या खर्चाच्या दुप्पट भाव लावा' असं सुचवलं जातं. बेसनाच्या लाडवांना चालेल, तुपामुळे सामानच महाग असतं. चकलीची भाजणी स्वस्त, पण सोऱ्या फिरवून खांदा भरून येतो त्याचं काय? मी मदतीला बाई लावली असती तर जे दिले असते, तेवढी मजुरी स्वतःची धरते. आणि तेल! पहिल्या दिवाळीत अंदाजाने धरलं आणि फसले. आता तळणीआधी आणि गार झाल्यावर कढई तेलासकट काट्यावर ठेवते; घटलं तेवढं चकलीच्या खात्यात. मोडक्या चकल्या घरातच संपतात, म्हणून खर्चाला भागायचं ते विकण्याजोग्या वजनाने.

टक्क्यांत मात्र बऱ्याच जणी अडकतात. समजा, सगळं धरून किलोला ३०० पडले, त्यावर २५ टक्के चढवून भाव ३७५ केला. दुकानदार २५ टक्के कमिशन मागतो ते विक्रीच्या भावावर. म्हणजे ९३.७५ त्याचे, तुमच्या हाती २८१.२५. पदरचे जवळजवळ १९ रुपये गेले की! ४०० ला ठेवलं तर कुठे नुसता खर्च सुटतो. मी दुकानाचा आणि घरून नेणाऱ्यांचा भाव वेगळाच ठेवते.