अनुभव धागा: दोरी ओढली, पण इंजिन सुरू झाले नाही

मुंबईच्या खाड्यांत आणि किनाऱ्यालगत आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनाची होडी चालवणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. शेवटी काय निघाले एवढेच सांगू नये. त्याआधी काय काय विनाकारण उघडले तेही प्रामाणिकपणे लिहावे. पुष्कळदा बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसणारा असतो, पण आपला हात आधी पान्याकडे जातो. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

वर्सोवा
खाडीत नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत जाण्यासाठी आम्ही १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन लावलेली लहान होडी वापरतो. एका पहाटे ओहोटी लागलेली असताना मी चोक ओढून तीस-चाळीस वेळा दोरी ओढली, तळहाताची साल निघाली, पण इंजिनाने साधा खोकलाही काढला नाही. मग वरचे झाकण काढले आणि प्लग खोलला, तर तो पेट्रोल व ऑइलने भिजून काळा चकचकीत झाला होता. प्लग बदलला, तरी तेच. तेवढ्यात पुतण्याने विचारले, "काका, ती लाल दोरी कुठे आहे?" मनगटाला अडकवायच्या त्या गुंडाळीच्या दोरीची क्लिप स्विचमध्ये नव्हतीच. क्लिप नसली की ठिणगी बंद होते, पेट्रोल मात्र प्रत्येक ओढीबरोबर आत जात राहते. म्हणजे मूळ दोष एक होता आणि इंजिन ओव्हर करून, म्हणजे आत जादा पेट्रोल भरून, दुसरा मी स्वतःच निर्माण केला. क्लिप मुद्दाम बाहेरच ठेवून, म्हणजे उडणाऱ्या पेट्रोलजवळ ठिणगी पडणार नाही अशा बेताने, प्लग काढलेला असतानाच चोक बंद व थ्रॉटल पूर्ण उघडा करून आठ-दहा वेळा दोरी ओढली. नंतर कोरडा प्लग बसवला, क्लिप लावली आणि तिसऱ्या ओढीला इंजिन लागले. पुतण्याने ही गोष्ट सगळ्या बंदराला सांगितली, ते वेगळे.

वरळी कोळीवाडा
आमचे इंजिन सुरू व्हायचे, पाचएक मिनिटे चालायचे, मग गुदमरल्यासारखे बंद पडायचे आणि लगेच पुन्हा लागायचे नाही. दहा मिनिटे थांबले की पुन्हा लागायचे, म्हणून आम्ही दोन दिवस ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तापत असल्याचा संशय घेतला. पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला, तेव्हा टाकीचे झाकण सैल केले, तर "स्स्स" असा आवाज करीत हवा आत शिरली. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता. हवा आत जात नसल्यामुळे पेट्रोल बाहेर येऊ शकत नव्हते. फुग्यावरचा बाणही इंजिनाच्या दिशेने आहे ना, हे नवीन नळी जोडताना पाहावे. आमच्या शेजाऱ्यांनी तो एकदा उलटा बसवला होता.

मढ
माझा अनुभव पावसाळी मासेमारी बंदीनंतरचा आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर नारळी पौर्णिमेनंतर इंजिन लावण्याचा प्रयत्न केला आणि पूर्ण दिवस गेला. प्लगला ठिणगी स्वच्छ निळी होती, फुगा दाबल्यावर घट्ट होत होता, तरीही इंजिन एकदा फुरफुरून गप्प व्हायचे. शेवटी टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरले, तेव्हा खाली दोन बोटे वेगळा, गढूळ थर दिसला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतून पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह तळाशी बसते. टाकीतली नळी तर तळातूनच पेट्रोल ओढते. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली, तर तिच्यात पाणी होते आणि मधासारखा चिकट थर मुख्य जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीच्या) छिद्रावर बसलेला होता. जेट कार्बोरेटर क्लीनरने धुऊन त्यात जाळ्याचा नायलॉनचा धागा फिरवला. पोलादी तार घालू नये, कारण पितळेचे छिद्र मोठे झाले की इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते. आता होडी ओढून ठेवण्याआधी नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत, अर्थात थंडाव्यासाठी गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करून, चालवतो. कोरड्यावर चालवले तर पाण्याच्या पंपाचे रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) जळते.

ट्रॉम्बे
आमचे इंजिन रॉकेलवर चालणारे आहे. ते पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यावे लागते आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागते. घाईत रॉकेलवरच बंद केले, तर दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये रॉकेलच असते आणि थंड इंजिन त्यावर लागत नाही. वाटी रिकामी करणे, एवढाच उपाय आहे.

वर्सोव्याहून पुन्हा
एका मिस्त्रीने आम्हाला हवेच्या वाटेत स्टार्टिंग स्प्रे (इंजिन चटकन पेटावे म्हणून मारायचा फवारा) मारण्याचा सल्ला दिला होता. माझ्या मते टू-स्ट्रोक इंजिनात हे टाळावे, कारण त्या स्प्रेत बहुधा पुरेसे ऑइल नसते आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात.

गोराई
वरचे सर्व तपासूनही आमचे इंजिन लागत नव्हते. ठिणगी होती, पेट्रोल ताजे होते, दोरीला दाबही जाणवत होता. फक्त एक गोष्ट विचित्र होती: मध्येच फटाका वाजून दोरी हातातून उलटी हिसकली जायची. खाडीत भरतीचा जोर होता, म्हणून आधी नांगर टाकला, मग वल्ह्यांनी किनारा गाठला आणि तेथे फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक) काढले. त्याचा नट सैल झाला होता आणि शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी कापली गेल्यामुळे फ्लायव्हील थोडे सरकले होते. म्हणून ठिणगी भलत्याच क्षणी पडत होती. नखाएवढा तो तुकडा बदलला, नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळला आणि इंजिन पहिल्याच ओढीला लागले.