क्रॉस केला, पण टोमॅटो साधे लालच आले! निळा + पट्टेवाला कसा मिळवायचा?

गच्चीवरची_मंजिरी (पुणे)

नमस्कार मंडळी, कोथरूडला गच्चीवर वीसेक ग्रो बॅग आहेत, त्यात दर हिवाळ्यात टोमॅटो असतातच. गेल्या सीझनला दोन वेगळ्या जाती लावल्या होत्या, एक ग्रीन झेब्रा (पिकला तरी हिरवा, वर पट्टे) आणि दुसरा इंडिगो रोझ, तो वांग्यासारखा काळा-जांभळा दिसणारा. दोन्ही छान आले आणि मग डोक्यात किडा वळवळला की जांभळा आणि पट्टेवाला असा एकच टोमॅटो का नको. यूट्यूबवर बघून झेब्राच्या कळीतला पुंकेसरांचा पिवळा कोन काढला, इंडिगोचा पराग लावला, फळ धरलं, बी ठेवलं आणि यंदा पेरलं. आता फळं पिकायला लागलीत तर चक्क लाल! पट्टा एकावरही नाही, खांद्यावर उन्हाकडच्या बाजूला जरासा जांभळट डाग, बस. आमचे हे म्हणतात मंडईत यापेक्षा बरे मिळतात. क्रॉस फसला का? बी टाकून देऊ? आणि नेटवर एकदम शाईसारखे निळे टोमॅटो दाखवून बी विकतात ते खरं असतं का?

देऊळगावकर

टाकू नका ओ ताई!! फसला नाही, उलट जमलाय. आमच्याकडं देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधे भाजीपाल्याचे सीड प्लॉट भरपूर, आई आणि मावशी दोघी वर्षानुवर्षं टोमॅटो-मिरचीच्या क्रॉसिंगला जातात त्यामुळं हे घरातलंच काम. तुमची मादी झेब्रा, आणि पट्ट्याचा गुण हा दबणारा आहे, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसतो. समजा पराग लागलाच नसता आणि फूल स्वतःच फळलं असतं तर सगळी झाडं झेब्राच निघाली असती, हिरवी आणि पट्टेवाली. लाल आणि बिनपट्ट्याची आली म्हणजे नराचा पराग लागला याचा पुरावाच तुमच्यासमोर लटकतोय. नेहमी दबणारा गुण असलेलं झाड मादी धरायचं ते यासाठीच.

ही पहिली पिढी, एफ१. ती सगळी सारखी दिसणार आणि बोअर दिसणार. गंमत पुढच्या पिढीत, हीच लाल फळं पूर्ण पिकू द्या आणि त्यांचं बी धरा.

पुढच्या वेळी क्रॉस कराल तेव्हा कळी संध्याकाळी उकला, पाकळ्या फिक्या पिवळ्या झाल्यात पण उमलल्या नाहीत अशी, आणि पराग दुसऱ्या दिवशी सकाळी लावा. फुलाखालची हिरवी टोकं अर्धी कापून टाकायची, खुणेला बांधलेला दोरा गळून पडला तरी फळ पिकल्यावर कापलेली टोकं बघून क्रॉसचं फळ कुठलं ते कळतं.

पोर्टलंडची_मावशी

मी इथे ओरेगनमध्ये असते आणि इंडिगो रोझ आमच्याच गावकुसातला म्हणायला हरकत नाही, ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत जिम मायर्स यांच्या टीमने तो २०१२ मध्ये बाहेर आणला. जीएमओ (प्रयोगशाळेत जीन बदललेला) नाहीये तो, साध्या क्रॉसिंगने केलाय, रानटी टोमॅटोंकडून गुण घेऊन. एक गुण सोलॅनम चिलेन्स नावाच्या रानटी जातीतून, त्याला एएफटी म्हणतात, आणि दुसरा एटीव्ही, तो गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोतून. एएफटी एकटा असला तर फळावर फक्त जांभळट डाग येतात (मंजिरी, तुझा खांद्यावरचा डाग तोच), एटीव्ही दोन्हीकडून मिळाला की मग रंग धो धो चढतो.

आणि 'निळा' हे नुसतं नाव आहे गं. रंग अँथोसायनिनचा, जांभळात-वांग्यात असतो तोच, आणि तोही फक्त सालीत. आतून टोमॅटो लालच. शाईसारखे निळे फोटो म्हणजे निव्वळ फोटोशॉप, निळ्या स्ट्रॉबेरीचं बी विकणारे तेच लोक.

अजून एक, हा रंग ऊन लागलं तरच येतो. पान फळाला चिकटलं असेल तिथे हिरवा ठिपका राहतो, देठाच्या टोपीखाली तर हिरवी चांदणीच दिसते. माझ्या नातीने कच्च्या फळावर चिकटपट्टी लावून स्वतःचं अक्षर काढलं होतं, काढल्यावर जांभळ्यावर हिरवं अक्षर! पुण्यात पावसाळ्यातल्या ढगाळ हवेत रंग धरायचा नाही, थंडीतलं कोरडं ऊन आणि गार रात्री उत्तम.

टोमॅटोखोर

रंगबिंग ठीक, चवीला कसा लागतो ते बोला. मी एकदा खाल्लेला, आंबट ढाण आणि साल चिवट.

पोर्टलंडची_मावशी

@टोमॅटोखोर कच्चा काढला असणार कोणीतरी. हा कच्चा असतानाच जांभळा होतो त्यामुळे सगळे फसतात. बुडाकडे बघायचं, तिथला हिरवा जाऊन लालसर-तपकिरी झाला आणि सालीची चकाकी गेली की मग काढायचा. तरी खरं सांगते, इंडिगो रोझ चवीला बेताचाच, कोशिंबिरीत शोभेला बरा. सार करायचं तर साधा टोमॅटो घ्या, साल काढून टाकली की जांभळेपण पण गेलं, मग उपयोग काय.

गुणसूत्र_गण्या

वरचं सगळं बरोबर, पण एक खोच कोणी सांगितली नाही आणि मंजिरीताईंची वर्षं त्यातच वाया जातील म्हणून लिहितोय. साध्या हिशेबाने दुसऱ्या पिढीत (एफ२) चारातल्या एका झाडाला पट्टे, चारातल्या एकाला दुहेरी एटीव्ही, आणि चारातल्या तिघांत एएफटी. गुणाकार केला तर ६४ मधे ३, म्हणजे साधारण एकविसातलं एक झाड पट्टेवालं आणि गडद. वीस बॅगा आहेत म्हणजे जमलंच की! असं वाटतं.

पण पट्ट्याचा जीन आणि एटीव्ही दोन्ही एकाच गुणसूत्रावर आहेत, सातव्या. एक झेब्राकडून आलाय आणि एक इंडिगोकडून, म्हणजे तुमच्या एफ१ मधे ते आमनेसामने बसलेत आणि एकत्र यायला अदलाबदल व्हावी लागते, ती रोज रोज होत नाही. त्यामुळे एकविसात एक विसरा, त्याहून बरंच दुर्मिळ. एएफटी दहाव्यावर, त्याचा काही त्रास नाही.

यावर दोन उपाय. पहिला म्हणजे सगळी झाडं मोठी करायचीच नाहीत. दुहेरी एटीव्ही असलेलं रोप बऱ्याचदा प्रोट्रेमधेच (रोपं करायच्या खणांच्या ट्रेमधेच) ओळखू येतं, खोड आणि पानाच्या शिरा गडद जांभळ्या दिसतात, थंडी आणि भरपूर ऊन असेल तर जास्तच. दोन ट्रे पेरा, शेजारी एखादी साधी जात पेरा तुलनेला (गारठ्याने किंवा फॉस्फरस कमी पडल्याने साधं रोप पण जांभळट होतं), आणि सगळ्यात गडद दहा-बारा रोपंच बॅगेत लावा. त्यात बहुतेकांना पट्टे नसणारच, पण एखाद्यात लपलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवायचं आणि तिसऱ्या पिढीत पट्टे शोधायचे. पट्टे हिरव्या फळावरच दिसतात, गडद हिरवे, पिकायची वाट बघायला नको. फक्त सावलीकडची बाजू बघा, उन्हाकडे जांभळ्याखाली ते झाकले जातात.

दुसरा उपाय सोपा, ज्यात दोन्ही गुण आधीच एकत्र आलेत अशी जात नर म्हणून घ्यायची. कॅलिफोर्नियाच्या वाइल्ड बोअर फार्म्सची ब्रॅड्स अॅटॉमिक ग्रेप आहे ना, लांबट, जांभळी आणि पट्टेवाली, तशी. मला विचाराल तर पहिलाच करा, वेळ लागतो पण मजा त्यातच आहे.

गच्चीवरची_मंजिरी (पुणे)

बापरे, केवढी माहिती! थँक्यू सगळ्यांना. @गण्या मग ते अॅटॉमिक ग्रेपचं बी दीर येणारेत अमेरिकेतून त्यांना आणायला सांगू का? आणि तिथे आतूनही जांभळा असलेला टोमॅटो निघालाय असं ऐकलं, तो पण? शिवाय माझ्या झाडांना बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) फार येतो, त्याचं काय?

गुणसूत्र_गण्या

खिशातून बी नका आणायला लावू. बाहेरून बियाणं आणायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोगमुक्त असल्याचा दाखला) लागतं, आणि हा नियम उगाच नाहीये, टोमॅटोचे काही व्हायरस बियातून येतात, ब्राऊन रुगोज त्यातलाच. आपल्याकडे नारायणगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्यांचं अख्खं वर्ष या पिकावर असतं, गच्चीवरच्या हौसेपायी तिथे नवी बला नको.

आतून जांभळा तो वेगळा, तो जीएम आहे. इंग्लंडमधे नॉर्विचला जॉन इनेस सेंटरमधे कॅथी मार्टिन यांनी स्नॅपड्रॅगन फुलाचे दोन जीन घालून केलेला, २००८ चं काम, अमेरिकेत घरगुती बागवाल्यांना बी २०२४ पासून मिळतंय. भारतात त्याला परवानगी नाही, विषय संपला.

देऊळगावकर

बोकड्याचं मी सांगतो. तो पांढऱ्या माशीनं पसरतो, त्यामुळं रोपं पहिला महिनाभर बारीक जाळीखाली ठेवा, पिवळे चिकट सापळे लावा, आणि आकसलेलं झाड दिसलं की जीव न लावता उपटा. बंगळूरच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, तुमचं गडद-पट्टेवालं झाड एकदा हाती आलं की त्याच्याशी क्रॉस करा. आत्ताच तिन्ही गुण एकदम धरायला जाऊ नका, राव, वीस बॅगांत मावायचं नाही.

आणि बी धरायचं त्या घोसावर फुलं उमलायच्या आधी नेटची छोटी पिशवी बांधा. टोमॅटो बहुतेक स्वतःच फळतो, पण गच्चीवर ती निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा येत असेल तर ते फुलाला लटकून गुणगुणत पराग झाडतात आणि शेजारच्या झाडावर नेतात.

टोमॅटोखोर

म्हणजे निळ्या पट्ट्यांचं काम माशीनं आधीच केलंय 😄 मंजिरीताई, ते लाल एफ१ चवीला कसे आहेत?

गच्चीवरची_मंजिरी (पुणे)

@टोमॅटोखोर आंबटगोड, खरंच छान आहेत, आत्ताच चार कापले आणि बी वाटीत आंबवायला ठेवलं. दोन-तीन दिवसांनी धुऊन वाळवते. एफ२ च्या ट्रे ऑगस्टच्या शेवटी टाकू की सप्टेंबरमधे?

देऊळगावकर

सप्टेंबर. फळं डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात आली पाहिजेत. बाकी बी कुणाला नको असेल तर मला पाठवा, आमच्याकडं जागा आहे, शंभर-दोनशे झाडं सहज लावतो.