व्हाली वाचली ती अशी

कायद्यानेच मासे वाचतात, जनजागृती वरवरची, असं काही जण म्हणतात, पण मला ते अजिबात पटत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाचं बघा. कायद्याचं संरक्षण २००१मध्येच मिळालं होतं, पण ते मच्छीमारांच्या मनात उतरलं २००४च्या जनजागृती मोहिमेनंतर. त्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे! किती नेमकं! तेलासाठी मारताना पिंपं बांधत म्हणून आधी तिला 'बॅरल' म्हणायचे, आता ती 'व्हाली', म्हणजे लाडकी, झाली. जाळ्यात अडकली तर वेरावळकडचे मच्छीमार स्वतःच जाळं कापून तिला सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसती पोस्टरं बघून कोण आपलं पोटापाण्याचं जाळं कापेल?