मराठीचे टोकन कमी कसे करावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटासाठी कपाशीच्या बोंडअळीवर प्रश्न विचारता येतील असा चॅटबॉट करतोय. अडचण टोकनची आहे, म्हणजे भाषेचं मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडून वाचतं आणि ज्यांच्या संख्येवर बिल लागतं, त्यांची. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजून. म्हणजे ‘फवारणी’चे १८ बाइट! टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) तयार करताना मराठी मजकूर कमी असला, की शेजारचे बाइट जोडून पुरेसे मोठे टोकन बनत नाहीत, शब्दाचा भुगा होतो आणि बिल वाढतं. वऱ्हाडीतलं ‘करून रायलो’ तर आणखीच फुटतं. रोमन लिपीत लिहिणं मला मंजूर नाही, आमची माणसं देवनागरीच वाचतात.

कोणी खुल्या मॉडेलच्या टोकनायझरमध्ये मराठी टोकन घालून एम्बेडिंग (प्रत्येक टोकनसाठी मॉडेल वापरतं ती आकड्यांची यादी) पुन्हा शिकवलंय का? मजकूर किती लागला? की मुळातच देवनागरी नीट हाताळणारं मॉडेल घ्यावं? कोणतं?