उत्तर: बेळगावच्या सर्व्हरला तिसरं मशीन कशाला?

प्रेषक: खजिनदार, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

जुन्या स्मरणिकांचे स्कॅन ठेवायच्या आपल्या सर्व्हरचं, बेळगावहून आलेलं खर्चाचं पत्रक पाहिलं. दोन मोठे सर्व्हर समजले, एक शहापूरला आणि एक टिळकवाडीला, दोन्हीकडे तोच डेटा. पण तिसरं मशीन आणि त्याला वेगळा यूपीएस कशासाठी? आणि ते हवंच असेल तर माझ्या तळघरात ठेवा, इथं वीज सहसा जात नाही. वर्गणी देणाऱ्यांना मला उत्तर द्यायचं आहे, म्हणून सगळ्यांसमोर विचारतो.

---

प्रेषक: सर्व्हरचं काम बघणारा, टिळकवाडी, बेळगाव

काका, नमस्कार.

विचारलंत ते बरं केलंत. हे मी पत्रकाबरोबरच लिहायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यापर्यंत आपली दोनच मशीन होती. त्यांच्यावर डीआरबीडी नावाचं सॉफ्टवेअर होतं. एका डिस्कवर पडलेला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे डेटाचा ठरावीक मापाचा तुकडा, ते नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर उतरवतं. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, ते २०१० पासून आहे, आणि चांगलं आहे. आम्ही 'प्रोटोकॉल सी' लावला होता, म्हणजे दोन्ही डिस्कवर उतरल्याशिवाय 'लिहून झालं' म्हणायचं नाही. एका वेळी एकच मशीन मालक, म्हणजे लिहायचं त्याच्यावरच, दुसरं मागं उभं. चूक आमच्या मांडणीत होती. समोरचं मशीन दिसेनासं झालं की मागच्यानं आपणहून मालक व्हायचं, एवढंच आम्ही त्याला शिकवलं होतं. समोरचं खरंच बंद पडलंय की मधली वाट तुटलीय, हे विचारायला तिसरं कुणीच नव्हतं.

जुलैत गटारीच्या कामात जेसीबीनं केबल तोडली. शहापूर चालू, टिळकवाडी चालू, मधली वाट तेवढी बंद. टिळकवाडीच्या मशीननं मालकी घेतली, शहापूरच्यानं सोडली नाही. तीन दिवस दोन्हीकडची मुलं आपापल्या मशीनवर स्कॅन चढवत राहिली आणि कुणालाच काही वावगं दिसलं नाही. केबल जोडल्यावर मशीनच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, 'स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड' (दोन्ही प्रती वेगवेगळ्या झाल्या) अशी ओळ आली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं.

अशा वेळी दोन्हींची बेरीज करता येत नाही. डीआरबीडीला फाइल कळत नाही, ब्लॉक कळतात. एका बाजूला 'डिस्कार्ड-माय-डेटा' सांगावं लागतं, म्हणजे तुझं टाक आणि दुसऱ्याचं घे. शहापूरला स्कॅन जास्त होते, म्हणून मी टिळकवाडीचं टाकलं. टाकण्याआधी त्या डिस्कची वेगळी प्रत काढायला हवी होती. मी काढली नाही.

त्या तीन दिवसांत टिळकवाडीला एक निवृत्त गुरुजी भिंग घेऊन बसले होते. येळ्ळूरच्या संमेलनाची एक जुनी स्मरणिका, शाई उडालेली, ते अक्षर लावून लावून टाइप करत होते. पुढच्या आठवड्यात मला म्हणाले, "माझी पानं कुठं दिसंनात रे?" मी सगळं खरं सांगितलं. ते पुन्हा बसले. पण एका पानाचा खालचा कोपरा हाताळताना झडला होता. त्यावरच्या दोन ओळी त्यांनी पहिल्यांदा वाचल्या होत्या, त्या आता कुणालाच वाचता येणार नाहीत. त्या पानाचा स्कॅनही त्याच तीन दिवसांतला होता.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी. या गावांनी आपल्या जोरावर साहित्य संमेलनं भरवली आणि स्मरणिका काढल्या. त्यांतल्या कित्येकांची आता एखादीच प्रत कुणाच्या तरी माळ्यावर उरलीय. म्हणून तिसरं मशीन मागतोय.

आता ग्लस्टर बसवतोय, अनेक मशीनवर एकच फाइलसाठा ठेवणारं सॉफ्टवेअर. त्या साठ्याचा, म्हणजे व्हॉल्यूमचा, प्रकार 'रेप्लिका ३, आर्बिटर १'. शहापूर आणि टिळकवाडीच्या मशीनवर पूर्ण फाइली, तिसऱ्यावर फक्त फाइलींची नावं आणि कुठली प्रत ताजी याची नोंद. आम्ही त्याला पंच म्हणतो. तिघांपैकी दोघं एकमेकांना दिसत असतील तरच लिहिता येतं. पंचाकडं 'या फाइलची तुझी प्रत शिळी' अशी नोंद असेल तर एकट्या त्या प्रतीवर तो लिहू देत नाही. काम थांबेल, पण दोन सत्यं तयार होणार नाहीत.

हा पंच स्वस्तात पडतो. ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. चार लाख पानं धरली तर दहा टीबीच्या वर. पंचाला दर फाइलमागं ४ केबी धरायचे, म्हणजे चार लाख पानांना १.६ जीबी. जुना डेस्कटॉप आणि लहानसा एसएसडी पुरतो. तो वडगावात एका कार्यकर्त्याच्या घरी ठेवतोय, वेगळ्या लाइनवर. शहापूरलाच ठेवला असता तर तिथली वीज गेली की दोघं एकदम जाणार आणि टिळकवाडीही अडून बसणार. यूपीएस त्याचसाठी.

तुमच्या तळघराचं सांगतो. ग्लस्टरमध्ये लिहिणारा क्लायंट, म्हणजे स्कॅन चढवणारा संगणक, स्वतः तिन्हीकडं पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. बेळगाव ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्यात कुलूप, नोंद, लिखाण, परत नोंद असे फेरे. इथली मुलं एकेका पानापाशी खोळंबून बसतील. पण तळघर मला हवंय, दुसऱ्या कामाला. ग्लस्टरचं जिओ-रेप्लिकेशन मागून सावकाश प्रत पाठवतं, इथलं काम न अडवता.

परवा चाचणी घेतली. स्कॅन सेव्ह होत असताना शहापूरच्या मशीनची नेटवर्क केबल उपटली. स्क्रीन गोठली. पोरगी म्हणाली, "गेलं की ओ सगळं." मी घड्याळ बघत होतो. ग्लस्टर गप्प झालेल्या मशीनची ४२ सेकंद वाट बघतं, मग त्याला सोडून पुढं जातं. तेवढी सेकंद झाली आणि फाइल सेव्ह झाली. केबल परत लावल्यावर राहिलेल्या फाइली त्यानं आपणच भरून काढल्या. 'हील इन्फो'मध्ये, म्हणजे भरायच्या राहिलेल्या फाइलींच्या यादीत, शून्य आकडा येईपर्यंत आम्ही कुणी जागचं हाललो नाही.

आपला,
टिळकवाडीहून

---

प्रेषक: सभासद, दुबई (मूळ खानापूर)

दादा, वाचून गुरुजींसाठी जीव हळहळला. एक विचारते. कुणी चुकून अख्खं फोल्डर पुसलं तर पंच काय करतो?

---

प्रेषक: सर्व्हरचं काम बघणारा, टिळकवाडी, बेळगाव

आक्का, काही करत नाही. पुसणं हेही त्याला लिहिण्यासारखंच, तिन्हीकडं लगेच पुसलं जातं, आणि काकांकडंही थोड्या वेळानं. मिरर, म्हणजे अशा एकसारख्या प्रती ठेवणं, मशीन मोडण्यापासून वाचवतो, माणसाच्या हातापासून नाही. त्यासाठी पत्रकाच्या शेवटच्या ओळीत दोन बाहेरच्या डिस्क लिहिल्यात. दर महिन्याला आळीपाळीनं एक भरायची, काढायची आणि कपाटात ठेवायची. भरल्यावर त्यातली पंधरावीस पानं उघडून बघायची, हे काम गुरुजींनी मागून घेतलंय.

काका, तुमच्याकडं १२ टीबीची डिस्क लागेल. शनिवारी माझ्या रात्री, तुमच्या सकाळी फोन करतो. सुरुवातीला फक्त कडोलीचं फोल्डर पाठवून बघू.