मदत हवी आहे: आलेख वर ताणला की डावीकडे सरकला?

मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याचे, मुलगी अकरावीत. सध्या घातांकी वाढीचे आलेख काढत बसलीय. पाया (आलेखावर उजवीकडे दर घराला ज्याने गुणायचं तो आकडा) २ घेतला तर दर घराला दुप्पट, ०.५ घेतला तर निम्मं, इथवर मलाही कळलं. सुरुवातीची किंमत १ ची २ केली, तेव्हा मी म्हटलं वक्र वर ताणला गेला. ती म्हणते, "बाबा, तो एक घर डावीकडे सरकलाय!" पाया २ ठेवून ताडून बघितलं, तर दोन्ही खरं! मग नेमकं म्हणायचं काय?

दुसरं, पेजेचा टोप. ९० अंशांवर चुलीवरून उतरवला, पण त्याच्या थंड होण्याचा वक्र शून्याकडे न जाता पडवीतल्या २८ अंशांपाशीच रेंगाळतो. हे २८ सूत्रात गुणायचे की नंतर मिळवायचे? कोणी आकडे घालून दाखवेल का? (पेज तोवर संपली, ते वेगळं.)